ठिपक्यांचं अंडं

३० एप्रिल २०२३, अ‍ॅन आर्बर

फीबीने यंदाही डेकखालच्या तुळईवरच घरटं केलं. चिखल आणि शेवाळ बाहेरून, आत गवताचं मऊ अस्तर. मार्चअखेर, अजून बर्फाचे ढीग पुरते वितळलेले नसतात तेव्हाच, ही माशीमार कुळातली करडी पाखरं दक्षिणेकडून मिशिगनमध्ये परततात आणि शेपटी खालीवर करत स्वतःच्याच नावाचा घोष लावतात. पूर्वी ती कड्यांच्या कपारीत घरटी करायची. आता पूल, गोठे आणि आमच्यासारख्यांचे डेक.

ती उडून गेल्याची खात्री करून सेल्फी स्टिकला लावलेला फोन वर नेला आणि एक फोटो काढला. चार अंडी, पांढरीशुभ्र. आई गेल्या आठवड्यात वाईहून आली आहे. फोटो पाहून म्हणाली, "सारखा सारखा फोन आत घालू नकोस हं. बाळंतिणीच्या खोलीत कुणी असं डोकावतं का?"

३ मे

आजच्या फोटोतही अंडी चारच आहेत, पण त्यांतलं एक राखाडी, तपकिरी ठिपक्यांचं. म्हणजे फीबीचं एक गेलं आणि परक्याचं एक आलं. परकी कोण, हे शोधत बसायला नको. गेले काही दिवस मेपलच्या शेंड्यावर एक मळकट तपकिरी मादी गप्प बसून असायची. तिच्या अवतीभवती काळ्या चकचकीत अंगाचे, कॉफीच्या रंगाच्या डोक्याचे नर मान लववून गुळगुळ आवाज काढायचे. काऊबर्ड.

ही मादी आयुष्यात एक काडी उचलत नाही. दुसऱ्यांची बांधकामं वरून बघते, कुठे अंडी पडायला लागली ते हेरते, उजाडायच्या आत जाते आणि मिनिटभरात अंडं घालून निघते. घरधनिणीचं एखादं अंडं पुष्कळदा उचलूनही नेते. एकेक मादी एका हंगामात तीस-चाळीस अंडी घालू शकते. दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांच्या घरट्यांत ही अंडी सापडली आहेत आणि निदान १४० जातींनी ती उबवून पिल्लं मोठी केली आहेत.

तांदळातला खडा दिसावा तसं ते अंडं मला दिसतंय. फीबीला दिसत नसेल? रॉबिन असती तर तिने ते केव्हाच बाहेर फेकलं असतं. कॅटबर्डही फेकते. ओरिओल चोचीने भोक पाडून काढते. फीबी मात्र येऊन सरळ त्यावर बसली.

४ मे

शेजारच्या बाई कुंपणाशी आल्या होत्या. सत्तरीच्या, पक्ष्यांची चांगली जाण असलेल्या. फोटो बघताच त्यांचा चेहरा बदलला. "काढून टाक ते. आम्ही नेहमी काढतो. असली आळशी, लबाड जात या जगात नसली तरी चालेल."

आईला इंग्रजी कळतं, पण बोलत नाही. बाई गेल्यावर तिने एवढंच विचारलं, "पोलीस धरत नाहीत का?"

पोलीस नाही, पण कायदा आहे. १९१८ चा स्थलांतरित पक्षी करार कायदा. काऊबर्ड हा याच भूमीचा पक्षी, त्यामुळे त्याचं अंडं परवान्याशिवाय उचलणं बेकायदा. फीबीच्या अंड्याला जे संरक्षण तेच त्यालाही. गंमत म्हणजे या कायद्याचं छत्र आपल्या चिमणीवर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिला युरोपातून आणून ब्रुकलिनमध्ये सोडलं, म्हणून ती उपरी. तिचं घरटं इथे कुणीही मोडू शकतो. पुण्यात जिच्यासाठी आपण बाल्कनीत लाकडी घरं टांगतो तिच्यावर इथले लोक सापळे लावतात. कोण आपलं आणि कोण उपरं हे पाखराच्या कपाळावर लिहिलेलं नसतं, हे इथे राहणाऱ्या आम्हा लोकांना वेगळं सांगायला नको.

७ मे

बाईंच्या बोलण्यातला राग डोक्यातून जात नाही. "लबाड", "आळशी". तीस-चाळीस अंडी घालणारी, डझनावारी घरट्यांचं वेळापत्रक ध्यानात ठेवणारी मादी आळशी कशी? आणि लबाड ठरायला निदान दुसरा मार्ग तरी माहीत असावा लागतो. तिला नाही. तिच्या आईने घरटं बांधलं नाही, आजीने नाही.

कायदा बाजूला ठेवला आणि अंडं उचललं, तर फीबीचं भलं होईल का? दक्षिण इलिनॉयमध्ये कॅश नदीच्या दलदलीत जेफ्री हूव्हर आणि स्कॉट रॉबिन्सन यांनी नेमकं हेच तपासलं. प्रोथोनोटरी वॉर्बलर हा पिवळाधमक पक्षी ढोलीत घरटं करतो, लाकडी पेट्याही चालवून घेतो. त्यांनी पेट्या तेलकट खांबांवर बसवल्या, म्हणजे साप आणि रॅकून चढू नयेत. काही पेट्यांतली काऊबर्डची अंडी काढून टाकली, काहींतली राहू दिली. २००७ साली निष्कर्ष छापून आले. अंडं राहू दिलेल्या घरट्यांपैकी ६ टक्के उद्ध्वस्त झाली. अंडं काढलेल्यांपैकी ५६ टक्के. काऊबर्डला आत शिरताच येऊ नये इतकं तोंड जिथे अरुंद केलं होतं, ती घरटी अंडं काढूनही शाबूत राहिली. म्हणजे मोडतोड करणारी तीच. आपलं अंडं गेलेलं दिसलं की ती बाकीची फोडते. घरटं उजाड झालं की वॉर्बलर पुन्हा मांडामांड करते, आणि हिला पुन्हा संधी मिळते.

संशोधकांनीच याला "माफिया" म्हटलं. मला तो शब्द पटत नाही, पण शेजारच्या बाईंना तो फार आवडेल. फीबीच्या बाबतीतही असंच होतं असं यावरून म्हणता येत नाही. तरी दयेपोटी उचललेल्या एका अंड्याची किंमत उरलेली तिन्ही असू शकते, एवढं मला पुरे आहे. हात लावायचा नाही. ठरलं.

११ मे

आईने आज पोहे परतता परतता विषय काढला. "आपल्याकडे कोकिळेला कुणी नावं ठेवतं का गं?"

नाही ठेवत. वैशाखात पहाटे चारला आंब्यावरून सुरू होणारा तो गळा हा आपल्याकडे ऋतूचा मान आहे. गाणारा नर, अंडं घालणारी मादी, आणि दोघं मिळून काम साधतात. नर कावळ्यांच्या समोर जाऊन ओरडतो, कावळे चिडून त्याच्या मागे लागतात, तेवढ्यात ठिपकेदार मादी घरट्यात जाऊन येते. कावळिणीची पिल्लं पुष्कळदा उपाशी मरतात. हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आहे. कालिदासाचा दुष्यंत शाकुंतलाच्या पाचव्या अंकात, भर दरबारात, शकुंतलेला खोटी ठरवायला याच कोकिळेचा दाखला देतो. तिथे तो टोमणा बायकांना आहे. कोकिळेला पकडा, असं काही त्यालाही सुचत नाही.

आई म्हणाली, "आणि तो पावशा. तुझ्या मामाच्या मळ्यात सातभाई त्याचं धिप्पाड पोर घेऊन हिंडायचे. सातही जणी भरवत असायच्या. पेरणीचं सांगतो म्हणून त्याचं सगळं माफ." चातकाचीही तीच रीत, त्याचंही पोर सातभाईंच्याच पदरात. त्याच्यावर तर आपण भक्तीचा एवढा भार टाकलाय की त्याच्या पिल्लाचा बाप कोण हे विचारायचीही सोय नाही.

मग कावळ्याची बाजू कोण घेणार? तो आपल्याला दहाव्याच्या दिवशी हवा असतो, तेवढ्यापुरता.

मला वाटतं, काऊबर्डचा गळा गोड असता तर अमेरिकेत त्याच्याविरुद्ध निम्माच राग असता. पण एवढ्यावर विषय मिटत नाही. कावळे अमाप आहेत, सातभाईही पुष्कळ. कोकिळेने कावळ्याची जात धोक्यात आणलेली नाही. इथे, माझ्या घरापासून तीन तासांवर, एक पक्षी खरोखर संपायला आला होता.

१५ मे

ठिपक्यांचं अंडं आधी फुटलं. काऊबर्डचं अंडं अकराएक दिवसांत उबतं, फीबीचं सोळाएक दिवसांनी. ही आघाडीच त्या पिल्लाचं सगळं शस्त्र. युरोपातल्या कोकिळेचं पिल्लू डोळे उघडायच्या आधी पाठीने ढकलून सोबतची अंडी खाली टाकतं. हे तसं काही करत नाही. रेबेका किल्नर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये फीबीच्याच घरट्यांत दाखवलं की काऊबर्डचं पिल्लू एकटं असण्यापेक्षा सोबत फीबीची पिल्लं असतील तर जास्त वेगाने वाढतं. चार चोची उघडलेल्या दिसल्या की आईबाप जास्त खाऊ आणतात, आणि जास्तीचा बहुतेक याच्या तोंडात पडतो. सोबत्यांना ते मारत नाही, वापरून घेतं.

आईला हे सांगितलं. ती बराच वेळ हसत होती. का, ते सांगितलं नाही. आमच्या नात्यातली दोन घरं मला आठवली, तीच तिलाही आठवली असणार.

१८ मे

"निसर्गात ढवळाढवळ करू नये" हे वाक्य इथे फार ऐकू येतं. चांगलं वाक्य आहे, पण उशिरा उच्चारलेलं.

काऊबर्ड मूळचा मधल्या गवताळ मैदानांतला. तिथे बायसनचे कळप चालायचे, त्यांच्या खुरांनी उठणारे किडे हे वेचायचे. कळप पुढे सरकायचा, एका जागी थांबून संसार करायची सोय नव्हती, म्हणून अंडी दुसऱ्यांकडे ठेवायची सवय लागली, असा एक तर्क आहे. तो खरा असो वा नसो, पुढचं नक्की आहे. कोट्यवधी बायसन १८८० च्या दशकाअखेर काही शेकड्यांवर आले. त्याच शतकात पूर्वेकडची जंगलं कापली गेली, शेतं आणि गायीगुरं आली. काऊबर्डला कळप हवा होता. बायसन गेले, गायी मिळाल्या. उत्तर मिशिगनमध्ये पांढऱ्या पाइनची प्रचंड तोड झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो तिथेही पोचला. मैदानातल्या पाखरांचा त्याच्याशी जुना परिचय होता. जंगलातल्यांना अशा अंड्याचं काय करायचं हे ठाऊक नव्हतं.

आणि आमचा हा डेक? तो निसर्ग आहे का? फीबीला कपार आपण दिली. अंगणातल्या फीडरमध्ये बाजरी आपण भरली, ती खायला काऊबर्ड आला. तेव्हा ढवळाढवळ करावी की नाही, हा प्रश्न राहिलेला नाही. केलेली आहे.

२३ मे

फीबीची दोन पिल्लं शनिवारी बाहेर आली होती. आज दोन्ही नाहीत. काऊबर्डचं पोर घरट्याच्या काठाबाहेर ओसंडतंय. तिसरं पांढरं अंडं त्याच्या पोटाखाली तसंच.

माझ्या लेकीने फोटो बघायला नकार दिला.

२८ मे, ग्रेलिंग

मेमोरियल डेच्या सुटीत वर आलो. हार्टविक पाइन्स राज्य उद्यानातून सकाळच्या फेरीला निघालो. थंडी होती, आईने दोन स्वेटरवर शाल घेतली. आमच्यात सगळ्यात उत्साही तीच.

संपायला आलेला तो पक्षी हाच, कर्टलंड वॉर्बलर. पाठीवर निळसर राखाडी, पोटाशी पिवळा, वजन जेमतेम १४ ग्रॅम. हिवाळा बहामा बेटांवर काढतो. १८५१ मध्ये क्लीव्हलंडजवळ पहिला नमुना मिळाला, डॉ. जॅरेड कर्टलंड यांच्या नावावरून त्याचं नाव पडलं. तो पिल्लं कुठे घालतो हे कळायला मात्र आणखी अर्धशतक लागलं. १९०३ मध्ये नॉर्मन वुड यांना ओस्कोडा परगण्यात, ओ-सेबल नदीच्या बाजूला पहिलं घरटं सापडलं. का इतकं अवघड, ते इथे उभं राहिल्यावर कळतं. याला सगळं नेमकं लागतं. जॅक पाइनचीच झाडी हवी. तीही तरुण, साधारण पाच ते वीस वर्षांची, जिच्या खालच्या फांद्या अजून जमिनीला टेकलेल्या आहेत, कारण घरटं जमिनीवर त्या फांद्यांखाली. जमीन रेताड हवी, पाणी झरझर निघून जाणारी. झाडं उंच झाली, खालच्या फांद्या वाळल्या, की हा पक्षी ते रान सोडतो.

आणि जॅक पाइनची शंकूफळं राळेने घट्ट मिटलेली असतात. आगीच्या धगीशिवाय ती नीट उघडत नाहीत. वणवा लागला की बी सांडतं, जुनं रान जातं, नवं उगवतं. विसाव्या शतकात माणसाने वणवे विझवायला सुरुवात केली, आणि नवं रान उगवणं थांबत गेलं.

एका बाजूने रान आटत होतं, दुसऱ्या बाजूने काऊबर्ड आला होता. हॅरल्ड मेफील्ड हे पेशाने पक्षिशास्त्रज्ञ नव्हते, पण १९५१ ला त्यांच्या पुढाकाराने या पक्ष्याची शिरगणती झाली. गाणारे नर मोजले: ४३२. दहा वर्षांनी ५०२. आणि १९७१ ला २०१. त्या काळात तपासलेल्या दर दहा घरट्यांपैकी सात घरट्यांत काऊबर्डचं अंडं होतं. एका घरट्यातून सरासरी एक पिल्लूसुद्धा धड उडत नव्हतं.

१९७२ मध्ये सापळे आले. खोलीएवढा जाळीचा पिंजरा, आत दाणा, पाणी, आणि आमिष म्हणून काही जिवंत काऊबर्ड. हा पक्षी थव्याचा. जातभाई चरताना दिसले की वरच्या फटीतून आत उतरतो, पुन्हा वर जायची वाट सापडत नाही. चुकून शिरलेले दुसरे पक्षी सोडून द्यायचे, काऊबर्ड मारायचे. दर वर्षी सुमारे साडेतीन-चार हजार. चाळीसहून अधिक वर्षं.

आमच्याबरोबरच्या मार्गदर्शक मुलीने हा आकडा आवाज न बदलता सांगितला आणि लगेच गप्प झाली, कारण कर्टलंड गायला लागला होता. एवढ्याशा जिवाचा केवढा दणदणीत आवाज! एका जळक्या खुंटावर बसून, शेपटी हलवत, डोकं मागे टाकून. आई टाचा उंचावून बघत होती. दुर्बीण तिच्या हातातून परत मिळायला वेळ लागला.

२९ मे, मायो

परतीचा रस्ता मुद्दाम मायोवरून घेतला. मॅक लेकच्या आसपासचं रान बघायचं होतं.

सापळ्यांनी काम चोख केलं होतं. काऊबर्डची अंडी असलेल्या घरट्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांवरून थोड्याच वर्षांत अगदी किरकोळ झालं. घरट्यामागे उडणारी पिल्लं तीनच्या आसपास गेली. मग पक्षी वाढायला हवे होते. ते वाढले नाहीत. १९७४ ला नर १६७. पंधराएक वर्षं आकडा दोनशेच्या आगेमागे घुटमळत राहिला. १९८७ ला पुन्हा १६७.

दरम्यान ५ मे १९८० ला वनखात्याने याच पक्ष्यासाठी नवं रान उगवावं म्हणून इथे एक छोटी नियंत्रित आग लावली होती. वारा फिरला. आग हाताबाहेर गेली, २४,००० एकर जळालं, घरं जळाली, वनखात्याचा एक तरुण कर्मचारी मेला. अशा गोष्टीचं पुढे काही चांगलं झालं असं लिहिताना हात अडखळतो, पण झालं तेच लिहायला हवं. त्या राखेत जॅक पाइन उगवला. सात-आठ वर्षांत तो कर्टलंडच्या उंचीचा झाला. १९९० नंतर आकडे चढू लागले. २००१ ला हजाराच्या वर, २०१५ ला २,३००च्या वर. आता आगीवर विसंबत नाहीत; जुनं रान कापून दर वर्षी लाखो रोपं लावतात, मध्येमध्ये मोकळी जागा ठेवून. ऑक्टोबर २०१९ मध्ये संकटग्रस्तांच्या यादीतून या पक्ष्याचं नाव निघालं. २०२१ च्या गणतीत २,२४५ जोड्या.

माझ्या मते यातली सर्वांत महत्त्वाची तारीख १९७२ नाही आणि २०१९ही नाही. ती २०१८ आहे. त्या वर्षी सापळे बंद केले. आधी काही वर्षं कमी करत आणले, घरटी तपासली, मग थांबवले. काऊबर्डची अंडी तरी फार थोड्या घरट्यांत दिसली. चार दशकांची सवय, ठरलेला निधी, ठरलेली माणसं आणि "इतकी वर्षं चाललंय ना, चालू दे" म्हणण्याचा मोह. तरी कुणीतरी विचारलं की याची अजून गरज आहे का. सरकारी कामात हा प्रश्न विचारला जाणं ही वॉर्बलर दिसण्याइतकीच दुर्मीळ गोष्ट.

सापळे नसते तर १९८० च्या आगीनंतरच्या रानात राहायला पक्षी उरले असते का, ही शंका मला खरी वाटते. आणि नुसते सापळे असते तर आपण दोनशे पक्षी आणि हजारो मेलेले काऊबर्ड मोजत बसलो असतो.

३ जून

घरी आलो तेव्हा घरटं रिकामं होतं. पोर आता लायलॅकमध्ये बसून तोंड वासतं आणि फीबी, त्याच्याहून लहान दिसणारी, वर चढून त्याच्या घशात किडे कोंबते. लेक विचारते, "आपण फीबी नाही हे त्याला कधी कळणार?" सुंदर प्रश्न. इलिनॉयमध्ये मॅथ्यू लाउडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पिल्लांवर छोटे ट्रान्समीटर बसवून पाहिलं. ती पिल्लं संध्याकाळी पालनकर्त्यांचं रान सोडून एकटी मोकळ्या शेतात रात्र काढायला जातात आणि सकाळी खायला परत येतात. त्यांना कुणी नेत नाही. मग एक दिवस परतत नाहीत.

आईला आता या पोराचाही लळा लागलाय. "त्याचा काय दोष?" म्हणते. सकाळी चहा घेऊन त्याच खिडकीशी बसते.

१० जून

बाकीच्या ठिकाणांचं थोडं वाचलं. टेक्सासात फोर्ट हूड या लष्करी तळावर काळ्या टोपीच्या व्हिरिओच्या दर दहांपैकी नऊ घरट्यांत काऊबर्डचं अंडं असायचं. सापळ्यांनी ते प्रमाण दहा टक्क्यांखाली आणलं आणि २०१८ मध्ये तो पक्षीही यादीतून निघाला. दक्षिण कॅलिफोर्नियात बेल्स व्हिरिओला सापळ्यांसोबत नदीकाठची झाडी परत मिळाली, तो सावरला. पण त्याच राज्यात केर्न नदीवर विलो फ्लायकॅचरसाठी वर्षानुवर्षं सापळे लावले, अंडी कमी झाली, पक्षी काही वाढले नाहीत. रोग दुसराच होता.

पिवळ्या वॉर्बलरची गोष्ट मात्र मनापासून आवडली. ती नुसत्या काऊबर्डसाठी राखीव असा "सीट" हा इशारा देते. तो ऐकून मादी धावत जाऊन घरट्यावर घट्ट बसते. तरी अंडं पडलंच, तर ती त्यावर नवा तळ विणते आणि पुन्हा अंडी घालते. पुन्हा पडलं, पुन्हा तळ. सहा मजल्यांपर्यंत गेलेली घरटी नोंदली गेली आहेत. अशांना आपल्या मदतीची वाट पाहायला सवड नसते.

२५ जून

त्याच घरट्यात फीबीची दुसरी वीण. चार अंडी, चारही पांढरी. काऊबर्डचा हंगाम सरत आलाय, ही सुटेल असं दिसतं. फीबी अमेरिकेत लाखोंनी आहेत. एका डेकखालचा एक हंगाम वाया गेल्याने त्यांचं काही बिघडत नाही. बिघडलं ते आमचं, आठवडाभर.

लेकीचं म्हणणं ती आज ठासून मांडत होती. "माणसांनी जंगल कापलं, माणसांनी गायी आणल्या, मग निस्तरायचं कुणी?" बरोबर आहे तिचं. पण निस्तरणं म्हणजे राग काढणं नव्हे. काऊबर्ड दहा कोटींहून अधिक आहेत असा अंदाज आहे, आणि त्यातल्या एकाचंही आपल्याशी वैर नाही. जी जात संपायला आली आहे तिच्यासाठी, मोजणी करून, परवाना घेऊन, रान परत उभं करता करता आणि थांबायचं कधी हे आधी ठरवून सापळा लावायला माझी हरकत नाही. त्यात मरणाऱ्या पक्ष्यांची संख्या मोठ्याने वाचायची तयारी मात्र हवी. अंगणातल्या एका घरट्याला अशी कुठलीच अट लागू होत नाही. तिथे आपण फक्त आपल्याला बरं वाटावं म्हणून हात घालत असतो.

शेजारच्या बाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "तरीही मला तो पक्षी आवडत नाही," म्हणाल्या. आवडायलाच हवा असं कुठे आहे?

९ जुलै

मराठी मंडळाच्या सहलीत तिघांनी हेच विचारलं, म्हणून इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वर्षी कुणालाही पाठवता येईल. एप्रिलच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत फीडरमधली बाजरी आणि मक्याचा भरडा बंद करा, काऊबर्डला तेच सर्वांत आवडतं. पसरट ताटाऐवजी आखूड दांड्यांचा नळीचा फीडर लावा, त्यावर त्याला नीट बसता येत नाही. करडीचं बी किंवा नायजर, म्हणजे आपलं कारळंच, घाला. खाली सांडलेलं रोज झाडून टाका. घरट्यातली अंडी, कुणाचीही असोत, उचलू नका. आणि मांजर घरात ठेवा: २०१३ मध्ये छापलेल्या अंदाजानुसार या देशात मांजरं वर्षाला निदान १३० कोटी पक्षी मारतात.